राहनाळच्या चरातलं पिवळं फूल

मॅडम आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. सकाळी टेबलं पुसायची, भिंगं आणि सुया मांडायच्या आणि त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला लागतील ती फुलं आणून पाण्यात ठेवायची, हे माझं काम. जास्वंद, धोत्रा, तरवड, सदाफुली भिवंडीत कोणत्या कुंपणाला मिळतात ते मला पाठ होतं. मी बारावीच्या पुढे शिकलेलो नाही, पण तीस वर्षं फुलं आणून आणून मला कुळं कळायला लागली होती. एकच फूल मला कधी आणता आलं नाही, आणि नेमकं त्याचंच कुळ अभ्यासक्रमात सगळ्यांत पहिलं यायचं.

रॅननक्युलेसी. मॅडम फळ्यावर रॅननक्युलसचं फूल काढायच्या. पाच पिवळ्या पाकळ्या, मधोमध हिरवा उंचवटा, त्यावर दाटीनं बसलेली बारीक फळं. इंग्रजीत त्याला बटरकप म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते मॅडमना ठाऊक नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. "रॅना म्हणजे बेडूक," त्या सांगायच्या. "बेडकाला जशी जागा लागते तशीच ह्याला लागते. ओल, चिखल, थंडीचे दिवस." मग विद्यार्थ्यांच्या समोर मी नर्सरीतून आणलेलं त्याच कुळातलं बागेतलं एक निळं फूल ठेवायचो, आणि सगळे ते कापून पिवळ्या फुलाबद्दल लिहायचे. कपाटात खऱ्या झाडाचा एकच वाळवलेला नमुना होता, मॅडमच्याही आधीच्या कोणीतरी दुसऱ्याच प्रांतातून आणलेला. तपकिरी पडलेला. हात लावला की चुरा व्हायचा.

"आपल्याकडे असणार," मॅडम म्हणायच्या. "नाल्याकाठी कुठेतरी. कोणी खाली वाकून बघत नाही."

त्या स्वतः वाकून बघायच्या. दर हिवाळ्यात सहल अकलोलीला जायची. मुलं गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायची आणि मॅडम साडीचा काठ खोचून नदीच्या कडेकडेनं चालायच्या. मी त्यांच्या मागे, हातात पिशवी आणि खुरपं. दरवर्षी पिशवीत दुसरंच काहीतरी यायचं.

मग विद्यार्थी कमी होत गेले. मॅडम निवृत्त झाल्या, त्यानंतर विभागच बंद झाला. प्रयोगशाळेत संगणक बसले. कपाटातले नमुने कुठे गेले ते मला विचारू नका. मी त्या दिवशी रजेवर होतो, आणि मुद्दाम होतो.

हे फूल मला दिसलं ते मी निवृत्त झाल्यानंतरच्या जानेवारीत. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. आमचं मूळ घर राहनाळचं. वडलांनी जमीन गोदामांना दिली तेव्हा आम्ही भिवंडीत बिल्डिंगमध्ये आलो, पण चालायचं म्हटलं की पाय तिकडेच वळतात. गोदामांच्या मागे चुलतभावाचा एक तुकडा अजून मोकळा होता. त्याच्या बांधालगत पूर्वीच्या भातखाचराचा एक चर उरला होता. पावसाचं आणि आजूबाजूचं सांडपाणी त्यात साचायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू ओसरायचं. त्या उघड्या पडलेल्या चिखलात आठ-दहा झाडं उभी होती. हातभरसुद्धा उंच नाहीत. खोड जाड, पोकळ, चकचकीत. पानं तीन भागांत चिरलेली. आणि शर्टाच्या बटणाहून लहान पिवळी फुलं, तेल लावल्यासारखी चमकणारी. काही फुलांच्या पाकळ्या गळून मधला हिरवा उंचवटा लांबला होता, छोट्या कच्च्या तुतीसारखा.

मी तिथेच उकिडवा बसलो. मागून ट्रक जात होते. मॅडमच्या फळ्यावरचं चित्र चिखलात उभं होतं. तरी माझा विश्वास बसेना. फोनमधल्या अ‍ॅपनं एकदा सेलरी सांगितलं, एकदा गाजर, तिसऱ्यांदा म्हणालं फोटो नीट काढा. शेवटी एक झाड मुळासकट उपटून पिशवीत घातलं आणि घरी आलो.

बायकोनं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. "अवो, गटारातलं काय उचलून आनलंय?"

"फूल हाय," मी म्हटलं.

"असलं फूल न्हाय बघितलं कधी," ती म्हणाली, आणि हे खरंच होतं. तिचं माहेर अंबाडीकडचं, शेतातलं. रानातल्या प्रत्येक भाजीचं नाव तिला येतं. ह्याचं येत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक चाची राहते. नवरा लूमवर, दोघं पूर्वांचलातली. वर येतानाच ती जिन्यात भेटली होती, तेव्हा पिशवीतून डोकावणारं झाड बघून थबकली. "अरे भाईसाब, ये तो जलधनिया है! कहाँ मिला? हाथ मत लगाना, छाले पड़ जाएँगे। हमारे गाँव में पोखरे, तालाब के किनारे होता था। भैंस भी मुँह नहीं मारती।"

मी हात बघितला. अंगठ्याच्या पेरावर लाल झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला.

मॅडम कल्याणला मुलीकडे असतात. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला होता. मी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताजं झाड स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्याकडे गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, मान एका बाजूला वळवून.

"मधला भाग गेलाय," त्या म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे सरळ बघितलं तर तुम्ही गायब होता. आता मला तुमचा कान दिसतोय. काय आणलंय?"

मी सांगितलं.  त्यांचा आवाज एकदम प्रॅक्टिकलच्या परीक्षेतला झाला.

"भिंग आणलंय?"

"हो."

"पाकळ्या किती?"

"पाच."

"निदलं?"

"पाच. खाली वळलेली. बारीक लव आहे."

"एक पाकळी उपटा. तळाशी काय आहे?"

मी सुईनं पाकळी सुटी केली आणि भिंगाखाली धरली.  "खळगा आहे मॅडम. ओला. चकाकतोय."

"त्यावर झाकणासारखी खपली?"

"नाही. उघडा आहे."

"नीट बघा."

"बघितलं. नाही."

"मग तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "तो मधाचा खळगा. द्या इकडे."

"फोड येतो," मी म्हटलं.

"ह्या वयात आला तर आला."

त्यांनी ते हिरवं तुतीसारखं फळ चिमटीत घेऊन फिरवलं, नखानं एक-एक दाणा सुटा करून मोजू लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. डोळे मिटलेले होते. मिटलेले काय आणि उघडे काय, असं मला तेव्हा वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ज्यांच्यासाठी मी हे फूल तीस वर्षं शोधलं त्यांना मी ते आणून दिलं होतं, आणि त्या त्याच्या पाकळ्यासुद्धा माझ्याकडून मोजून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "आला फोड!" त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग कामाचं बोलल्या. त्यांचा एक जुना विद्यार्थी एका संस्थेत वनस्पतींच्या नोंदी ठेवतो. त्याच्याकडे वाळवलेला नमुना पाठवायचा. आख्खं झाड, मूळ, फूल, पिकलेलं फळ, जागेचं नाव, आणि दोन प्रती. "हे आपलं इथलं आहे, की कुठून आलेलं आहे, हे नोंद झाली तर पुढे कोणीतरी ठरवेल. रसरशीत झाड आहे. कागद रोज बदला."

"मॅडम, तीस वर्षं मुलांच्या नमुन्यांचे कागद मीच बदलले."

"म्हणूनच सांगतेय. तुम्हाला सवय आहे, सवयीनं चूक होते."

मी दोन चांगली झाडं आणली, वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरली, वर फळी, फळीवर पाटा. पहिले दोन दिवस कागद बदलले. तिसऱ्या दिवशी बायकोच्या भाचीच्या लग्नाला अंबाडीला निघालो. हळद, लग्न, मग पाठराखण, मग पाहुण्यांचे निरोप. आमच्यात हळदीला न जाणं म्हणजे नातं तोडणं. चार दिवस आम्ही तिकडेच होतो. हळदीच्या मांडवात डीजेच्या आवाजात मला दोनदा कागदांची आठवण झाली. एकदा उठलोही. बायको म्हणाली, "बसा. झाडं काय पळून चाललीत?" आणि मी बसलो. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. रिक्षा करून दोन तासांत जाऊन येता आलं असतं.

परत आलो आणि फळी उचलली, तर कागद एकमेकांना चिकटले होते. दोन्ही झाडं काळी, त्यावर पांढरी बुरशी. फुलाची जागा म्हणजे नुसता एक डाग. मी चप्पल घातली आणि तसाच राहनाळला गेलो.

चरावर मुरूम पडला होता. रोलर फिरून गेलेला, चाकांचे पट्टे ताजे. माझा चुलतभाऊ कडेला उभा राहून एका माणसाला गेटची जागा दाखवत होता.

"हा चर कधी बुजवला?" मी विचारलं.

"परवा. गोदामाची गाडी वळायला जागा पायजे ना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं दादा? कायतरी ठेवलं व्हतं का तिथं?"

"झाडं होती."

"झाडं?" तो खरोखर आठवायला लागला. "न्हाय रं. एक पन झाड न्हाय तोडलं. गटार व्हता तो, मच्छर झालं व्हतं."

 वडलांनी आमच्या वाट्याची जमीन दिली तेव्हा तिच्यातही असेच चर होते. त्यांवर मुरूम पडला तेव्हा मी कॉलेजात फुलं मांडत होतो, आणि त्याच जमिनीच्या जोरावर घेतलेल्या घरात आज राहतो. मी म्हटलं, "काही नाही," आणि परत फिरलो.

मॅडमना फोन करायला मला दोन दिवस लागले.

"दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. आणि जागाही गेली."

 त्या रागावतील असं वाटत होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कागदात बी पडलंय का?"

पडलं होतं. पिकलेली फळं बुरशीतही गळून कागदाच्या घडीत राहिली होती, राजगिऱ्याहून बारीक दाणे. मी ते पिसानं झाडून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरले.

त्यातले निम्मे मी लगेच, फेब्रुवारीत, कुंडीत पेरले आणि वर बोटभर माती घातली. काहीही उगवलं नाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झाकलंत कशाला? पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात येतं ते. त्याला उजेड लागतो. वरच टाकायचं. आणि उन्हाळ्यात नाही, थंडीत." हे सगळं त्यांनी मला आधी सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर. मला वाटलं होतं, मला येतं.

पुढच्या पावसाळ्यात गच्चीवर निळं पिंप अर्धं कापून ठेवलं. एका शेतातल्या सखल जागेचा चिखल आणून त्यात भरला, पाऊसभर तो पाण्याखाली ठेवला आणि दिवाळीनंतर पाणी काढून टाकलं. उरलेल्या बियांतल्या बहुतेक वर पसरल्या. चिमूटभर डबीत ठेवल्या. तीन आठवड्यांनी चिखलावर हिरवे टिपके आले. रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन भिंगानं बघायचो. बायको म्हणायची, नातवाला पण एवढं बघितलं न्हाय. अकरा रोपं आली. सहा कुजली, तीन माव्याच्या किडीनं गेली. दोन उरली, आणि जानेवारीच्या अखेरीस त्यातल्या एकाला फूल आलं. मग दुसऱ्यालाही.

चाची पापड वाळवायला वर आली होती. पिंपाशी उभी राहून हसली. "लोग इसे उखाड़ के फेंकते हैं, आप पाल रहे हैं।" हसून झाल्यावर मात्र ती तिथून हलली नाही. पापडांचं ताट काखेत तसंच. "हमारा पोखरा भी मिट्टी डाल के पाट दिया," ती म्हणाली. "मकान बन गए। अब वहाँ भी नहीं होगा ये।"

मी मॅडमना फोन केला. ह्या वेळी नमुना बिघडणार नव्हता, मी शपथ घेतली होती. कुठल्याही लग्नाला जाणार नव्हतो.

"पिंपात?" मॅडम म्हणाल्या.

"हो. दोन फुलं आहेत. पिकलेली फळंही होतील."

"मी त्याला विचारलं होतं हो," त्या हळू म्हणाल्या. त्याला म्हणजे संस्थेतल्या विद्यार्थ्याला. "पेरून वाढवलेल्या झाडाची नोंद होत नाही. रानात उगवलेलं लागतं, जागेसकट. जागा बघायला कोणी आलं तर काय दाखवणार? मुरूम? तुम्ही ते बी कुठून आणलंत, नर्सरीतून की चरातून, हे आपल्या शब्दाशिवाय कशावरून सिद्ध होणार?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तोवर तुम्ही पिंप कापलं होतं."

मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होतो. समोर दोन फुलं. मला त्यांचा रागच आला, फुलांचा. मॅडम म्हणाल्या, "सांगा तरी कशी आहेत." मी सांगत गेलो. पाकळ्या पाच, निदलं खाली वळलेली. त्या मध्ये मध्ये हं म्हणत होत्या. पण परीक्षेचा तो आवाज आता नव्हता.

तरी मी ठरवलं, पिंपातलं बी रानात परत सोडायचं. तिथे उगवलं तर ते पुन्हा रानातलं होईल. शास्त्रात हे बसतं की नाही मी मॅडमना विचारलं नाही. मार्चमध्ये बी गोळा केलं आणि जागा शोधायला निघालो, तेव्हा कळलं की जागाच नाही. राहनाळच्या नाल्याचं पाणी जांभळं वाहत होतं, रंगाच्या कारखान्याचं असावं. दुसऱ्या नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीट. खाडीकडचा चिखल खारा. शेवटी अंबाडीच्या अलीकडे एका तळ्याच्या काठी थोडं टाकलं, आणि अकलोलीला नदीकाठी बरंचसं. जिथे मॅडम चालायच्या तिथे आता पायऱ्या बांधल्या होत्या. मी पायऱ्यांच्या पलीकडे उतरून, बाटल्या बाजूला सारून, ओल्या जागी बी भुरभुरलं. बाकीचं पिंपातच गळू दिलं. तिथे आपोआप येईल असा हिशेब होता.

त्या पावसात पिंप भरून वाहिलं. हे बी पाण्यावर तरंगतं, हेही मॅडमनी एकदा वर्गात सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पाखरांच्या पायांना लागून, पाण्यावर वाहून ते गावं बदलतं. माझं गच्चीच्या पन्हाळीतून खाली रस्त्यावर गेलं. नोव्हेंबरात पिंपात गवत आलं आणि माका आला, आणखी काही नाही. डबीतलं चिमूटभर बी मी तेव्हा टाकलं. तीन रोपं आली. डिसेंबरात थंडी पडलीच नाही. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता. जुनी साडी बांधून सावली केली, दिवसातून तीनदा पाणी घातलं. नाताळाच्या सुमारास शेवटचं रोप चिखलावर आडवं झालं.

अंबाडीच्या तळ्याला गेलो तर काठ जेसीबीनं खरवडला होता, सुशोभीकरण चाललं होतं. अकलोलीला नदीकाठी दिवसभर फिरलो. वाकून वाकून कंबर धरली. एका ठिकाणी पिवळं दिसलं म्हणून धावलो, तर तो वेफरच्या पुडीचा तुकडा होता.

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आता कडेकडेचंही फारसं दिसत नाही, मुलगी नंबर लावून देते. "यंदा फुललं का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. यंदा नाही."

"बी आहे ना?"

"संपलं."

"सगळं?"

"सगळं."

 त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, मुलगी कोणाला तरी हाक मारत होती.

"अकलोलीला परत एकदा जाऊन बघाल का?" त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीअखेरपर्यंत येतं कधीकधी."

"जाईन," मी म्हटलं.

फेब्रुवारी संपत आला. मी गेलेलो नाही. ऊन वाढलंय, आणि बायको विचारत होती की ते पिंप रिकामं करून पाणी भरायला घेऊ का. मी म्हटलं, घे.